फेब्रुवारीत सुरू होणारं वर्ष

मुंबईला ऋतूच नाहीत असं म्हणणाऱ्यांशी मी हल्ली वाद घालत नाही. म्हणणारा बहुधा पुण्याचा असतो, आणि मग तर वादात राम नसतोच. "उन्हाळा, जास्त उन्हाळा आणि पाऊस" हा विनोद मी इतक्यांदा ऐकलाय की आता हसायचं नाटकही जमत नाही. खरी अडचण अशी आहे की शाळेत आपण सहा ऋतू ज्या क्रमाने पाठ केले, त्या क्रमाने हे शहर वागत नाही. पाठांतर बाजूला ठेवलं की मग दिसायला लागतं.

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय असतं. त्याच्या चौकटींत दूध, सिलिंडर, बाईंच्या सुट्ट्या लिहायची पद्धत आईकडून आलेली. मी त्यात झाडं-पाखरं घुसवली. 'दूध अर्धा लिटर जास्त'च्या खाली 'कोकीळ, पहाटे पावणेपाच'. 'गॅस आला'च्या शेजारी 'बहावा, पहिला घोस, स्टेशन रोड'. वर्ष संपलं की कालनिर्णय रद्दीत न जाता गादीखाली जातं. कधीतरी ती सगळी जमिनीवर पसरून बसते तेव्हा एक गोष्ट दर वेळी नजरेत भरते: जानेवारीची पानं जवळजवळ कोरी असतात आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून चौकटी भरायला लागतात. त्या मेपर्यंत मावत नाहीत. म्हणजे आपण ज्या महिन्यांत सर्वांत जास्त कुरकुरतो, त्याच महिन्यांत या शहरातल्या झाडापाखरांची सर्वांत जास्त धावपळ असते. मुंबईचा वसंत घामाने थबथबलेला असतो, म्हणून आपण त्याला ओळख देत नाही एवढंच.

हे सगळं सुरू होतं वाऱ्यापासून. भूगोलाच्या पुस्तकातले मतलई वारे आणि खारे वारे इथे रोज अंगावर येतात. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडचा वारा असतो. ऊन चढलं की दुपारी समुद्रावरचा येतो आणि पारा आवरतो. फेब्रुवारीच्या अखेरीपासून कधीकधी पूर्वेचा वारा हटतच नाही. समुद्रावरच्या वाऱ्याला यायला दुपारचे दोन-तीन वाजतात आणि तोवर शहर भाजून निघतं. सांताक्रूझच्या वेधशाळेतला 41.7 अंशांचा उच्चांकी आकडा 28 मार्च 1956 चा आहे, आणि 42.2 चा 14 एप्रिल 1952 चा. दोन्हींपैकी एकही मे महिन्यातला नाही. मेमध्ये समुद्राचा वारा लवकर आणि नेमाने येतो. पारा कमी राहतो, घाम तेवढा वाढतो.

मी मुलुंडला राहते. पश्चिमेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पूर्वेला ठाण्याची खाडी, मध्ये रेल्वे. ऋतू बघायला याहून सोयीचं उपनगर नाही, असं माझं पक्षपाती मत आहे.

फेब्रुवारीत आधी पानं पडतात. देशी बदामाची लालभडक होऊन, पिंपळाची पिवळी पडून. रस्ता झाडणाऱ्या बायकांना विचारा, त्यांना तारीख सांगता येईल. पण पिंपळ उघडा झाला म्हणता म्हणता आठवड्याभरात त्याला तांबूस, तेल लावल्यासारखी चकचकीत पालवी येते. म्हणजे पाठ केलेले शिशिर आणि वसंत इथे एकाच झाडावर, कधी एकाच आठवड्यात उरकून घेतात. त्याच सुमारास डोंगरात काटेसावर निष्पर्ण होऊन फुलते. तिच्यावर मैना, कावळे, बुलबुल, शिंजीर आणि मध्य आशियातून आलेल्या पळसमैना अशी गर्दी होते की फांदीवर जागा मिळवायला भांडणं होतात. पांगारा आणि पळस तिच्या मागेपुढे.

पानं टाकून फुलायचं, तेही पाण्याची सर्वांत ओढ असताना, हे वेडेपणाचं वाटतं. हिशेब मात्र पक्का आहे. पानं नसली की फूल लांबून दिसतं, पाखरं येतात. फळ मेपर्यंत पिकतं. सावरीची बोंडं एप्रिल-मेमध्ये उकलून कापूस उडू लागतो, बी रुजायच्या जागी पोचतं, आणि मग पाऊस. जून गाठायचा असेल तर फेब्रुवारीतच कामाला लागायला हवं. आपण ज्याला उन्हाळा म्हणून पंखा वाढवतो, ती झाडांची पेरणीची तयारी असते.

शहरातल्या रस्त्यांवरची फुलं वेगळी. पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीपाशी गुलाबी तबेबुया फुलतो तेव्हा दरवर्षी वर्तमानपत्रांत फोटो येतात आणि 'मुंबईत चेरी ब्लॉसम' असं काहीतरी मथळ्यात असतं. मला त्या मथळ्याचा राग येतो. तबेबुया मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, गुलमोहर मादागास्करचा, रेन ट्री दक्षिण अमेरिकेतलाच, पिवळा सोनमोहर आग्नेय आशियातला. सगळे पाहुणे. पण ते इथल्या उन्हाच्या वेळापत्रकात बसले, नियमाने फुलतात, आणि त्यांच्यावर घर करणाऱ्या पाखरांनी कधी त्यांचे कागद तपासले नाहीत. त्यांना पुन्हा तिसऱ्याच देशाच्या फुलाचं नाव कशाला? रेन ट्रीची मात्र काळजी वाटते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मिलीबगच्या किडीने शहरातले कितीतरी जुने रेन ट्री वाळले. ज्या रस्त्यावर मार्च-एप्रिलमध्ये गुलाबी झुपक्यांचा सडा पडायचा तिथे आता नुसती सिमेंटची चौकट आहे.

आपल्या मातीतले बहावा आणि ताम्हण एप्रिलमध्ये येतात. ताम्हण हे राज्यफूल आहे हे आमच्या इमारतीतल्या पोरांना सामान्यज्ञानाच्या पुस्तकामुळे माहीत असतं. फाटकाशेजारचं जांभळं झाड ते हेच, हे मात्र माहीत नसतं. बहाव्याबद्दल सांगतात की तो फुलला की साधारण दीड महिन्यात पाऊस येतो. गादीखालची कालनिर्णयं काढून मी हे ताडून पाहिलं. 2019 साली मुंबईत मान्सून 25 जूनला आला होता. 2025 साली 26 मेला, म्हणजे नोंदींतल्या सगळ्यांत लवकरच्या तारखेला. दोन्हींत महिन्याचं अंतर. बहाव्याच्या तारखांत तेवढं अंतर नाही. बहावा पावसाचा अंदाज सांगत नाही, तो स्वतःपुरता फुलतो. तरी ही समजूत मला आवडते. निदान त्या निमित्ताने माणूस मान वर करतो.

कावळ्याची घरटी मेच्या आधी तयार होतात. मुंबईच्या कावळ्याला काटक्यांपेक्षा तार सोयीची पडते. आमच्या आंब्यावरच्या घरट्यात हँगर आणि चष्म्याची एक दांडी होती. आणि याच दिवसांत सोसायट्यांना पावसाआधीची फांद्यांची छाटणी आठवते. एका वर्षी परवानगी आली, ठेकेदाराची माणसं दोर घेऊन आली, आणि मी खाली जाऊन उभी राहिले.

"घरटं आहे तिथे. पंधरा दिवस थांबा."

सेक्रेटरी म्हणाले, "काकू, पाऊस थांबेल का पंधरा दिवस? फांदी गाडीवर पडली तर कोण भरून देणार?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. वादळात फांदी पडून माणसं मेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. अखेर बाकीचं झाड छाटून ती एक फांदी तेवढी ठेवली. पुढच्या महिन्यात त्या घरट्यातून जे पिल्लू उंबरठ्यावर येऊन बसलं आणि कावळ्याकडे भीक मागू लागलं, ते कोकिळेचं होतं. पहाटे चारला कोकीळ ओरडतो म्हणून सोसायटीच्या बैठकीत तक्रार केली होती ती सेक्रेटरींनीच. आम्ही दोघंही त्याबद्दल पुन्हा बोललेलो नाही.

मेच्या मध्यावर, 15 तारखेच्या आसपास, दुपारी साडेबारा-पावणेएकच्या दरम्यान मुंबईत सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. गच्चीवर पाण्याची बाटली ठेवून हा खेळ मुलांना जरूर दाखवावा. हाच योग जुलैच्या अखेरीस पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ असं भरलेलं असतं की सावलीच मुळात नसते. ती गेली हे कळणार कसं?

झाडांकडे बघायला वेळ नसेल तर बाजाराकडे बघावं. मुलुंड स्टेशनबाहेरची गजरेवाली हे माझं दुसरं पंचांग. मार्चमध्ये थोडे दिवस सुरंगीचे वळेसर येतात, कोकणातून. ज्या दिवशी दिसतात त्या दिवशी घ्यावेत, उद्या मिळतीलच असं नाही. मग मोगरा, जूनपर्यंत. पावसात जुई आणि सोनटक्का, गौरीला केवडा, दसऱ्याला दादरच्या फूलबाजारात पाय ठेवायला जागा राहू नये इतका झेंडू, थंडीत शेवंती. भाजीतही तसंच. जांभळं, करवंदं, ताडगोळे सरत आले की पालघर, शहापूरकडच्या आदिवासी बायका शेवळं घेऊन बसतात. पाऊस तोंडावर आला की जमिनीतून वर येणारे ते जांभळट कोंब. पहिल्यांदा घेतली तेव्हा बाईने जुडी पिशवीत टाकण्याआधी वर मूठभर काकडं, म्हणजे रानातली आंबट फळं, ठेवली. "ही घाल त्याच्या संगं, नाय तं घसा धरंल." तो आंबट काकडांचा उपाय न करता शेवळं खाल्लेला माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही. त्यानंतर टाकळा, कुर्डू, फोडशी, कंटोली, भारंगी. दोन महिने फ्लॉवर-कोबीकडे बघायचं कारण नाही. या बायकांकडे जे असतं ते त्या आठवड्यात डोंगरात उगवलेलंच असतं, शीतगृहातलं नसतं. त्यामुळे त्यांच्या टोपलीवर माझा हवामानाच्या ॲपपेक्षा जास्त भरवसा आहे. 2025 च्या मेमध्ये पाऊस इतका आधी आला की करवंदांचा हंगाम आटोपलाच, आणि घरोघरची वाळवणं भिजली. ॲपने तेव्हा सगळं बरोबर सांगितलं होतं. पापड मात्र आधीच गच्चीवर होते.

पावसाबद्दल मी फार लिहिणार नाही. मुंबईच्या पावसावर इतकं लिहून झालंय की त्यात भर घालणं म्हणजे तुंबलेल्या गटारात बादली ओतणं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवण करून द्यायची गरज नाही. पाऊस रोमँटिक आहे असं म्हणणाऱ्याने त्या रात्री चालत घर गाठलेलं नसतं. मी फक्त काठाकाठाच्या गोष्टी सांगते. मेअखेरीस, पहिल्या सरींच्या आगेमागे, नवरंग पक्षी येतो: हिरवा, निळा, पोटावर लाल. रात्री उडत येतो आणि शहरातल्या काचांवर आपटतो. सकाळी एखाद्या इमारतीच्या जिन्यात दमून बसलेला सापडतो. सापडला तर खोक्यात अंधारात शांत ठेवावा, भात-पोळी भरवू नये, आणि पक्षीमित्रांना फोन करावा. जून-जुलैचे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, कारण समुद्र खवळलेला आणि माशांचा विणीचा काळ. मासे खाणारी घरं सुक्या बोंबलावर आणि जवळ्यावर येतात. जुलै-ऑगस्टमध्ये जुहू-गिरगावच्या वाळूवर निळ्या फुग्यांसारखे ब्लू बॉटल, म्हणजे जेलीफिशसारखे समुद्री जीव, येऊन पडतात. दिसतात सुंदर, डंख वाईट. मोठ्या उधाणाला समुद्र मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून आपलाच कचरा आपल्याला परत करतो, आणि लोक त्याचेही व्हिडिओ काढतात.

वर्तमानपत्रात मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांची टक्केवारी रोज छापून येऊ लागली की पावसाळा खरा. एकूण साठा 14.47 लाख दशलक्ष लिटर, हा आकडा इथल्या गृहिणींना पाठ असतो. सातांपैकी विहार आणि तुळशी राष्ट्रीय उद्यानातच आहेत. विहार आणि पवई भरून वाहू लागले की ते पाणी मिठीला मिळतं; मिठी ही नदी आहे हे शहराला वर्षातून तेवढ्यापुरतं आठवतं.

गौरीच्या सुमाराला डोंगरउतारावर तेरडा फुलतो आणि सप्टेंबरअखेर करडा धोबी येतो. हा एवढासा पक्षी हिमालयाकडून येऊन आमच्या पार्किंगमधल्या डबक्याशी शेपटी हलवत फिरतो. तो आला की पाऊस जायला निघाला, असं मी धरून चालते. हवामान खात्याने 2020 मध्ये मुंबईतून मान्सून परतण्याची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर केली. आधी ती सप्टेंबरच्या अखेरीची होती. पाऊस लांबतोय हे गणपती-नवरात्रात भिजणाऱ्या सगळ्यांनाच दिसत होतं, खात्याने ते कागदावर आणलं. पाऊस गेला की ऑक्टोबरचा ताप आणि सातविणीच्या झाडांचा बहर. संध्याकाळी सातनंतर तिचा वास गल्लीत असा कोंदतो की कुणाला तो स्वर्गीय वाटतो आणि कुणाचं डोकं धरतं. मी दुसऱ्या पक्षात आहे. पण तो वास आला नाही तर दिवाळी जवळ आल्यासारखं वाटत नाही, हेही खरं.

मग थंडी. "आमच्या वेळी काय थंडी पडायची!" हे वाक्य मुंबईत दर डिसेंबरात ऐकू येतं. 22 जानेवारी 1962 ला सांताक्रूझला 7.4 अंश नोंदले गेले, ही गोष्ट खरी. पण ते म्हणणाऱ्यांपैकी बरेचजण तेव्हा जन्मलेलेही नव्हते. स्वेटर तेव्हाही कपाटातच असायचे आणि थोडेच दिवस बाहेर यायचे. बदललंय ते दुसरंच. थंड, स्थिर हवा वर चढत नाही, आणि बांधकामांची धूळ व गाड्यांचा धूर खालीच साचतो. आमच्या गच्चीवरून डोंगर पावसाळ्यातल्या ढगांत जेवढे दिवस लपतात, त्याहून जास्त आता जानेवारीच्या धुरक्यात लपतात.

याच दिवसांत खाडी गुलाबी होते. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, नव्वदीच्या दशकापासून शिवडी आणि ठाण्याच्या खाडीत मोठ्या संख्येने येऊ लागले, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येतात आणि मेअखेरपर्यंत राहतात. 2015 साली खाडीचा काही भाग अभयारण्य झाला, 2022 साली पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. त्यांचं येणं-जाणं रात्री होतं म्हणून आपल्याला ते कळत नाही. 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरवर विमानाला धडकून तीसहून जास्त रोहित पडले, तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा कळलं की आपल्या छपरांवरून हे पक्षी जातात. मरीन ड्राइव्हवर कुरव, म्हणजे सीगल, येतात. त्यांना लोक गाठ्या आणि शेव टाकतात. टाकू नका. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखराला फरसाण कशाला?

आणि तिथे उभेच असाल तर सूर्याकडे बघा. मरीन लाइन्सच्या समोरच्या कठड्यावरून डिसेंबरात तो मोकळ्या समुद्रात, डावीकडे मावळतो. मार्चच्या विषुवदिनाला मलबार हिलच्या टोकापाशी आलेला असतो. जूनमध्ये, ढगांनी दिसू दिला तर, टेकडीच्या मागे. फोर्टात नोकरी असण्याचा हा एक फायदा मी पुरेपूर वसूल केला आहे.

वर्षाच्या चौकटीत एकच गोष्ट बसत नाही: कारवी. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांवर ती आठ वर्षांतून एकदा एकत्र फुलते. 2016 ला फुलली, 2024 ला फुलली. मधल्या वर्षांत ती उन्हाळ्यात वाळक्या काठ्यांचा भारा आणि पावसात खरखरीत पानांचं रान, एवढंच असते. तिच्या काठ्या कुडाच्या भिंतींना जातात. फुलली की उतारच्या उतार निळे-जांभळे होतात आणि मधमाश्यांचा आवाज पायवाटेवरही ऐकू येतो. बी धरून झालं की ते झुडूप मरतं. बोंडं वाळून तशीच राहतात आणि पुढच्या उन्हाळ्याअखेर, पहिल्या पावसाचं पाणी लागलं की तडतडत फुटतात. 2024 च्या कारवीचं बी असं जमिनीवर यायच्या बेतात असतानाच 26 मेचा तो घाईचा पाऊस आला. जुलैत गेले तेव्हा मेलेल्या काठ्यांच्या बुडाशी वीतभर रोपांची दाटी होती.

पुढचं फुलणं 2032 चं. तोवर मी साठीला टेकलेली असेन, आणि वरच्या टप्प्यावर चढ आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर मोकळा ठेवावा, उद्यानाची परवानगी आधी काढावी आणि शनिवार-रविवार टाळावा. त्या दोन दिवसांत कारवीपेक्षा सेल्फी काढणारेच जास्त असतात.